बरणीतलं एक बटण

निरोप आला तेव्हा कात्री आरशासमोर दाढी करत होता. साठी उलटलेल्या गृहस्थाला ‘कात्री’ म्हणणारी माणसं आता जगात फार उरली नव्हती. जी होती ती सगळी एकदम मोबाइलवरच्या एका गटात गोळा झालेली दिसली. गटाचं नाव ‘जुनी मंडळी’. तो काढणारी अर्थातच पावडरताई. टीव्ही केंद्रात असताना ही बाई साहेबांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांची तोंडं रंगवायची आणि रंगवता रंगवता सगळ्यांच्या पोटातलं काढून घ्यायची. तिने लिहिलं होतं, ‘रविवारी अकरा वाजता. आपल्याच स्टुडिओत. आता तो हॉल झालाय आणि भाड्याने मिळतो. न येणाऱ्याने कारण लेखी द्यावं.’ खाली येणाऱ्यांची यादी होती. शेवटची ओळ होती, ‘बटणराव नक्की, वहिनींसह.’

"अहो, रक्त येतंय," दारातून बायको म्हणाली. "गाल कापलात. कुणाचा निरोप आहे एवढा?"

"जुन्या ऑफिसातल्यांचा. भेटायचं म्हणतायत."

"मग जा की. नाहीतर तुमच्या वयाची माणसं हल्ली एकदम फोटोतच भेटतात."

बायकोचा स्वभाव असा स्पष्ट. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून त्याने दोनच गोष्टी लपवल्या होत्या. पहिली म्हणजे तो अजून चोरून सिगारेट ओढतो, आणि ती तिला ठाऊक होती. दुसरी बटणाची. ती मात्र कुणालाच ठाऊक नव्हती.

ही बटणं म्हणजे काय ते आधी सांगून टाकलेलं बरं, कारण आता तशा कॅसेट राहिल्या नाहीत. त्या काळात कार्यक्रम ज्या कॅसेटवर असायचा ती चांगली पुस्तकाएवढी जाड असे. तिच्या पाठीवर एक लाल बटण असायचं. बटण जागेवर असेल तर त्या कॅसेटवर नवं चित्रण करता येई. बटण काढून घेतलं की यंत्र अडून बसे, काही केल्या वर दुसरं काही उमटू देत नसे. कॅसेट तेव्हा मोजक्याच मिळायच्या, त्यामुळे पुसून पुन्हा वापरायची रीत होती. काय पुसायचं आणि काय जन्मभर ठेवायचं, याचा सगळा कायदा त्या लाल बटणात होता. जपायची कॅसेट आली की टेप लायब्ररीचे प्रमुख (प्रमुख ते आणि शिपाईही तेच) टोकदार चिमट्याने तिचं बटण काढत आणि कॉफीच्या एका रिकाम्या बरणीत टाकत. म्हणून ते बटणराव. बरणी त्यांच्या टेबलावर असे. वहीत जितक्या जपलेल्या कॅसेट तितकी बरणीत बटणं, हा त्यांचा हिशेब. केंद्रात लोक म्हणायचे, की बटणराव जेवायला विसरतील, स्वतःच्या लग्नाला जायला विसरतील, पण बटण काढायला विसरणार नाहीत. तसे ते लग्नाला वेळेवर गेले होते, हे वहिनी नंतर आवर्जून सांगायच्या.

आणि मग तो दिवस. एका गोदामाला आग लागली होती. चित्रण करून गाडी परतली तेव्हा संध्याकाळच्या बातम्यांना चाळीस मिनिटं उरली होती. कात्री तेव्हा तिशीतला, हाताचा चपळ, संकलनात, म्हणजे चित्रण कापून जोडण्यात, त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. जोडलेली बातमी उतरवायला कोरी कॅसेट हवी होती आणि एकही शिल्लक नव्हती. तो धावत लायब्ररीत गेला. बटणराव चहाला गेले होते. दार उघडंच होतं, कारण आपली माणसं सहीशिवाय कॅसेटला हात लावत नाहीत असा त्यांचा समज होता.

कात्रीने खालच्या फळीवरून ‘पाहुणे’ कार्यक्रमाची एक कॅसेट ओढली. कार्यक्रम महिन्यापूर्वी दाखवून झाला होता. ‘पाहुणे’च्या नेहमी दोन प्रती निघत, तेव्हा दुसरी कुठेतरी असणारच, असं त्याने मनाशी धरलं. प्रती काढायचं यंत्र त्या आठवड्यात बंद होतं आणि त्या भागाची एकच प्रत होती, हे फक्त बटणरावांच्या वहीला माहीत होतं. कॅसेटचं बटण अर्थातच काढलेलं होतं. समोर बरणी भरलेली होती. त्याने झाकण उघडलं, बसेल असं बटण घेतलं, खाचेत दाबलं आणि पळाला. बातम्या वेळेवर गेल्या, कॅसेट परत फळीवर गेली. साहेबांनी पाठ थोपटली.

तीन आठवड्यांनी त्या कार्यक्रमातल्या पाहुण्या वारल्या. म्हाताऱ्या डॉक्टरीण होत्या. अर्धं गाव त्यांच्या हातून जन्माला आलेलं. साहेब म्हणाले, बाईंची मुलाखत आज पुन्हा दाखवू. कॅसेट लावली तर बाईंच्या जागी गोदाम जळत होतं.

साहेबांच्या खोलीत दोघांना उभं केलं. कात्रीने कॅसेट आपण उचलल्याचं कबूल केलं. सही न करता उचलली, घाईत कॅसेटवरची चिठ्ठी वाचली नाही, म्हणून बोलणी खाल्ली. मग साहेबांनी एकच प्रश्न विचारला.

"तू घेतलीस तेव्हा बटण होतं की नव्हतं?"

कात्रीची बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. वर्षाअखेरीला त्याची बढती ठरली होती. बटणराव शेजारी उभे होते आणि त्याच्याकडे अगदी विश्वासाने बघत होते.

"होतं," कात्री म्हणाला.

यंत्रात घातली तेव्हा होतंच की, असं त्याने त्या रात्री स्वतःला समजावलं. नंतरची तीस वर्षं तो हेच समजावत राहिला, आणि एकदाही ते त्याला पटलं नाही.

बटणरावांना लायब्ररीतून काढून टपाल विभागात बसवलं. लोकांची पत्रं फोडायची, तारखेचा शिक्का मारायचा. जिन्यात भेटले की ते कात्रीला नेहमीसारखंच "काय रे, बरंय ना?" विचारायचे. पुढे मुदतीआधीच त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी कात्रीने मुद्दाम बाहेरगावचं काम काढलं होतं. भ्याडपणाला तो तेव्हा कामाचा व्याप म्हणत असे.

रविवारी तो अकराच्या ठोक्याला पोचला. इमारत तीच, पण आत स्टुडिओचा हॉल झाला होता. भिंतींवर गुळगुळीत पिवळा रंग दिलेला, ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कुणाच्या तरी सभेचा फलक. फक्त छताला दिवे टांगायचे लोखंडी दांडे तसेच होते. आल्या आल्या प्रत्येक जण मान वर करून आधी ते बघत होता.

"कात्री! अरे, केस कुठे गेले तुझे?" पावडरताईने हाक मारली. सत्तरी ओलांडली तरी आवाजाला धार होती. "आणि गालाला काय झालं? ये इकडे, पावडर लावते."

"ताई, आता पावडरने भागणार नाही. नवा चेहराच आणा."

हसणं झालं. आणि हसता हसता त्याला खिडकीजवळ बसलेले बटणराव दिसले. अंग आटलं होतं, खांदे पुढे आले होते, पण शर्टाची गळ्यापर्यंत लावलेली बटणं तीच. शेजारी वहिनी. बटणराव उठून उभे राहिले आणि त्यांनी कात्रीचा हात दोन्ही हातांत धरला.

"किती वर्षांनी रे! बस, बस माझ्याजवळ. तुझ्याशी एक बोलायचंय. नंतर, जरा निवांत."

कात्री बसला. आज सांगायचं, असं तो घरून ठरवूनच निघाला होता. वाक्यही तयार केलं होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं आणि तिथे ते बरं वाटलं होतं. इथे त्याने फक्त प्रवास कसा झाला ते विचारलं.

चहा आला, बिस्किटं आली, जुन्या गोष्टी निघाल्या. कोण कॅमेऱ्याच्या मागे झोपायचं, कुठल्या मंत्र्याची टोपी पावडरीने माखली. वहिनींचाही संकोच गेला. पावडरताईने त्यांना छेडलं, "बटणराव घरी कसे असतात हो?"

"अगं बाई, विचारू नकोस!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "बाहेर पडायचं म्हणजे अर्धा तास धर. गॅस तीनदा बघणार. कुलूप ओढून बघणार, चार पावलं जाणार, परत येऊन ओढणार. एकदा पेटीत पत्र टाकलं आणि फटीला डोळा लावून उभे! का, तर पत्र खरंच आत पडलं का. पोस्टमन म्हणाला, आजोबा, आत काय सिनेमा चाललाय का?"

सगळे खो खो हसले. बटणरावही हसले, पण जरा ओशाळून.

"पूर्वी नव्हतं हो असं," वहिनी म्हणाल्या. "उलट मीच धांदरट, आणि हे सगळं लक्षात ठेवायचे. तुमच्या त्या कॅसेटच्या भानगडीपासून सुरू झालं. म्हणतात, एकदा विसरलो म्हणजे माझा काही भरवसा नाही. शाळेच्या वाचनालयात काम चालून आलं होतं, नको म्हणाले. गाडी चालवायची सोडली. आणि नात! अकरा वर्षांची झाली आता, पण एकदाही तिला एकटे घेऊन गेले नाहीत कुठे. ती हात ओढते, आजोबा, शाळेत सोडा ना. हे म्हणतात, आजीला बरोबर घे, मी विसरून येईन तुला कुठेतरी!"

पुन्हा हसू उसळलं. कात्रीच्या हातातलं बिस्किट भिजून चहात पडलं. त्याने ते तसंच पडू दिलं. आजवर त्याला वाटत होतं की आपण एका माणसाची खुर्ची घेतली. खुर्ची गेली तर माणूस दुसरी बघतो. आपण काय घेतलं होतं ते आज, बिस्किटं खाता खाता, त्याला कळत होतं. लाज वाटली, आणि ती इतकी स्वच्छ वाटली की तीस वर्षं आपल्याला वाटत होती ती लाज नव्हतीच, नुसती भीती होती, हेही त्याच्या लक्षात आलं.

"बटणराव," तो उठत म्हणाला, "चला, आपली लायब्ररी बघून येऊ."

लायब्ररीत आता घडीच्या खुर्च्या आणि झाडू ठेवत. फळ्या काढल्या होत्या, पण भिंतीवर त्यांच्या पट्ट्या अजून दिसत होत्या. बटणरावांनी टेबलाची जागा पायाने दाखवली. "इथे मी. इथे वही. इथे बरणी." मग ते एका खुर्चीवर टेकले.

"हे बघ, मीच आधी बोलतो," ते म्हणाले. "गेली कित्येक वर्षं मनात आहे. माझ्यापायी तुला साहेबांसमोर उभं राहावं लागलं. चूक माझी आणि बोलणी तुलाही बसली. तेव्हा तुझी माफी मागायची राहिली. आज मागतो."

कात्रीने घडीची एक खुर्ची उघडली आणि समोर बसला. या माणसाने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"बटणराव, तुम्ही बटण काढलं होतं," तो म्हणाला. आरशासमोरच्या वाक्यातलं एक अक्षरही त्याला आठवलं नाही. "मी बसवलं. मी साहेबांशी खोटं बोललो."

बटणरावांनी हसून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"अरे वेड्या. तिचं बोलणं ऐकून तुला वाईट वाटलं ना? ती अशीच बोलते, रंगवून. माझं मन राखायला तू हे अंगावर घेऊ नकोस."

"मन राखत नाही. खरं सांगतोय."

"मग बरणीचं काय? त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून आलो आणि सगळी बरणी टेबलावर ओतली. वही उघडून एकेक बटण मोजलं, दोनदा मोजलं. एक कमी भरलं. म्हणजे मी ते काढलंच नव्हतं. साहेबांनी काही म्हणू दे, मला माझ्या बरणीनेच सांगितलं. तू पहिल्यापासून चांगला आहेस रे. चल, चहा गार होईल."

ते उठायला लागले. आणि खरं सांगायचं तर कात्रीला त्या क्षणी हायसं वाटलं. सांगून तर झालं! समोरच्याने मानलं नाही, त्याला आपण काय करणार? आता घरी जावं, बायकोने केलेलं जेवावं आणि शांत झोपावं. मनाचा हा हिशेब इतक्या झटपट जमला की त्याची त्यालाच किळस आली. अकरा वर्षांची ती पोर त्याने पाहिलेलीही नव्हती. ती हात ओढत होती आणि आजोबा नको म्हणत होते.

"ते कमी होतं, कारण मी ते बरणीतूनच घेतलं," तो म्हणाला. "तुम्ही चहाला गेला होतात. मी आधी सगळ्यात वरचं उचललं. ते बसेना. त्याची कड तुटलेली होती. ते मी टेबलावर टाकलं आणि दुसरं घेतलं."

बटणराव अर्धवट उठलेले, तसेच थांबले.

"कड तुटलेली?"

"हो. चिमट्याने तुटली असणार."

ते हळूच पुन्हा खुर्चीवर बसले. बराच वेळ समोरच्या भिंतीकडे, जिथे टेबल होतं त्या बाजूला बघत राहिले. बाहेर पावडरताई कुणाची तरी नक्कल करत होती आणि टाळ्या पडत होत्या.

"मी चहा पिऊन आलो," ते म्हणाले, "तर ते टेबलावर पडलं होतं. वहीच्या शेजारी. तुटकं बटण. मी म्हटलं, हे बाहेर कसं? आणि उचलून बरणीत टाकलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच त्यात."

"बटणराव..."

"म्हणजे मी काढलं होतं."

"हो."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही काहीसुद्धा विसरला नव्हतात."

कात्री वाट बघत राहिला. थोबाडीत बसेल, निदान आवाज चढेल. बटणरावांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"तू टपाल विभागावरून रोज जायचास," ते म्हणाले. "दिवसातून दोनदा."

"हो."

"मी तुला बरंय ना विचारायचो."

कात्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचाही आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं.

"मला माफ करा," तो म्हणाला.

"ते नंतर बघू," बटणराव म्हणाले. आवाज कडक नव्हता, पण त्यात कात्रीसाठी जागाही नव्हती. "आधी हिला सांग. माझ्यासमोर. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा काहीतरी बरळतोय."

त्यांनी वहिनींना आत बोलावून घेतलं. वहिनी पदराने हसू पुसतच आल्या. "काय हो भाऊजी, खजिना सापडला की काय?"

कात्रीने उभं राहून सांगितलं. बरणी, वरचं बटण, तुटलेली कड, दुसरं बटण, साहेबांचा प्रश्न, आपलं उत्तर. एकही गोष्ट गाळली नाही आणि बायकोच्या सातव्या महिन्याचा उल्लेखही केला नाही. वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. बोलणं संपल्यावर त्या त्याच्याकडे वळल्याच नाहीत. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि मी आत्ता सगळ्यांना हसवत होते."

"तुला काय ठाऊक," बटणराव म्हणाले.

"उद्या तिला शाळेत सोडायला तुम्ही जा. एकटे."

बटणरावांनी हातातल्या रुमालाची चारदा घडी घातली. "बघू," ते म्हणाले.

सगळ्यांचा फोटो काढायला ती दोघं थांबली नाहीत. पावडरताई विचारत राहिली, अरे, काय झालं, कुणी काही बोललं का? कात्रीने तिलाही सांगितलं, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्यांनाही. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. कॅमेरा सांभाळणारा दादा तेवढं म्हणाला, "त्याला आम्ही विसरभोळे बटणराव म्हणून किती चिडवलंय रे," आणि आपला कप घेऊन लांब जाऊन बसला.

कात्री खिडकीशी गेला. खाली फाटकातून ती दोघं बाहेर पडत होती. वहिनी पुढे, बटणराव मागे. फाटकाबाहेर पाऊल टाकताच बटणराव थांबले. खिसा चाचपला, घराची किल्ली बाहेर काढली, नीट पाहिली, परत आत ठेवली. चार पावलं चालले आणि पुन्हा थांबले. हात पुन्हा खिशाकडे गेला. वहिनींनी वळून पाहिलं. त्या हसल्या नाहीत आणि चला म्हणाल्या नाहीत. परत येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि किल्ली दुसऱ्यांदा बघून होईपर्यंत थांबल्या.